मताचा हक्क आणि पटावरचे डाव : सफ्रजेट खेळांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडमधल्या बायकांनी मताच्या हक्कासाठी काढलेले मोर्चे, भोगलेले तुरुंग आणि केलेली उपोषणं आपल्याकडे निदान ऐकून तरी माहीत असतात. त्याच बायकांनी पट, सोंगट्या आणि पत्तेही विकले हे सांगितलं, की समोरचा आधी हसतो आणि मग प्रश्न विचारायला लागतो. प्रश्न बहुधा तेच असतात, म्हणून ते उत्तरांसकट इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्या उत्तरात लागली, तर पुन्हा न सांगता प्रश्नाचा आकडा दिला आहे.

१. ही चळवळ नेमकी कुठली? आणि तिच्यात खेळ कुठून आले?

मँचेस्टरमध्ये १० ऑक्टोबर १९०३ रोजी एमेलिन पँकहर्स्ट यांच्या घरी एक संघटना सुरू झाली. तिचं नाव विमेन्स सोशल अँड पोलिटिकल युनियन, म्हणजे डब्ल्यूएसपीयू. ब्रीद होतं ‘शब्द नकोत, कृती हवी’. एमेलिनबाई आणि त्यांच्या मुली ख्रिस्टाबेल व सिल्व्हिया ही चळवळीतली ठळक नावं. काही वर्षांत संघटनेचं मुख्य कार्यालय लंडनला गेलं. मग साप्ताहिक निघालं, रंग ठरले, दुकानं लागली, आणि त्या दुकानांत खेळही आले. बहुतेक खेळ १९०७ ते १९०९ या काळातले आहेत. नेमके तेव्हाच का, ते प्रश्न ११ मध्ये.

२. सफ्रजिस्ट आणि सफ्रजेट एकच का?

नाही, आणि खेळांच्या बाबतीत हा फरक महत्त्वाचा आहे. अर्ज, सभा, शिष्टमंडळं अशा सनदशीर मार्गाने जाणाऱ्या त्या सफ्रजिस्ट. त्यांची मोठी संघटना १८९७ पासूनची, मिलिसेंट फॉसेट यांच्या नेतृत्वाखालची. कायदा मोडून अटक करवून घेणाऱ्या त्या सफ्रजेट. हा शब्द १९०६ मध्ये डेली मेल या वृत्तपत्राने हिणवण्यासाठी काढला होता. बायकांनी तो उचलला आणि बिल्ल्यासारखा मिरवला. आपण ज्या खेळांबद्दल बोलतो आहोत ते जवळजवळ सगळे सफ्रजेट बाजूचे आहेत, कारण पाठलाग, अटक आणि सुटका यांचा पट मांडता येतो. अर्जावर सह्या गोळा करण्यावर खेळ काढायचा म्हटलं तर फासे टाकता टाकता झोप येईल.

मराठीत ‘मताधिकारवादी’ म्हटलं की दोन्ही एकाच पोत्यात जातात. त्यामुळे इथे सफ्रजेट हाच शब्द ठेवला आहे.

३. असे कोणते खेळ निघाले होते?

ज्यांच्याबद्दल सर्वांत जास्त विचारणा होते ते पाच:

द गेम ऑफ सफ्रजेट : १९०७, पत्त्यांचा खेळ. डब्ल्यूएसपीयूच्या लंडनमधल्या केन्सिंग्टन शाखेतल्या बायकांनी स्वतः बेतलेला.
सफ्रजेटो : १९०८च्या आसपास, दोन जणांचा पट. प्रश्न ५ पाहा.
सफ्रजेट्स इन अँड आउट ऑफ प्रिझन : साधारण त्याच काळातला स्वस्त कागदी पट. प्रश्न ९ पाहा.
पँक-अ-स्क्विथ : १९०९, फाशांचा पट. प्रश्न ४ पाहा.
पँको : १९०९, पत्त्यांचा खेळ. प्रश्न ६ पाहा.

यांपैकी पहिला घरगुती डोक्यातून निघालेला आहे, हे मला विशेष वाटतं. कारखानदाराला बाजार दिसण्याआधीच शाखेतल्या बायकांना पत्त्यांचा कॅट ही आपल्या कामाची वस्तू आहे हे दिसलं होतं.

४. पँक-अ-स्क्विथ हे कसलं नाव? आणि खेळतात कसा?

पँकहर्स्ट आणि ॲस्क्विथ यांचा हा सांधा आहे. हर्बर्ट ॲस्क्विथ एप्रिल १९०८ मध्ये पंतप्रधान झाले. बायकांना मत द्यायला त्यांचा ठाम विरोध होता. चळवळीतली सर्वांत मोठी बाई आणि तिचा सर्वांत मोठा अडथळा, दोघांनाही एकाच शब्दात कोंबलं आहे.

पट गोगलगाईच्या शंखासारखा आत वळत जातो. त्यावर ५० घरं आहेत. पटाला संघटनेचे रंग आहेत : जांभळा, पांढरा, हिरवा. सोंगट्या सहा. बाहेरच्या टोकाला बाईचं राहतं घर, मध्यभागी ब्रिटनची संसद. फासा टाकायचा, तितकी घरं चालायचं, वाटेत पोलीस आणि तुरुंग. (मराठीत पटावरच्या चौकोनालाही आपण ‘घर’च म्हणतो. घरातून निघून घरं ओलांडत संसदेत, ही गंमत इंग्रजांच्या नशिबी नव्हती.)

त्यातला माझा सगळ्यात आवडता नियम असा : एका ठराविक घरावर सोंगटी पडली, की खेळणाऱ्याने खराखुरा एक पेनी चळवळीच्या निधीला पाठवायचा. दिवाणखान्यातल्या डावातून पैसा थेट कार्यालयात. निधी मागायला दारात आलेल्या बाईला नाही म्हणता येतं. खेळाच्या नियमाला नाही म्हणायचं तर चिडका म्हणून नाव पडतं.

खेळाची जाहिरात संघटनेच्या व्होट्स फॉर विमेन या साप्ताहिकात ऑक्टोबर १९०९ मध्ये आली, म्हणजे नाताळच्या खरेदीच्या बरोबर तोंडावर. तो तयार होऊन आला होता जर्मनीतून. त्या काळी खेळण्यांच्या धंद्यात जर्मनीचा हात कोणी धरत नव्हतं, त्यामुळे यात नवल काही नाही.

५. सफ्रजेटो त्यापेक्षा वेगळा कसा?

मुळापासून वेगळा आहे. त्यात नशिबाचं काम नाही, तो डोक्याचा खेळ आहे. एक जण सफ्रजेट, दुसरा पोलीस. प्रत्येकाकडे २१ सोंगट्या : १६ साध्या आणि ५ मोठ्या. बायकांच्या बाजूला या मोठ्या सोंगट्या पुढाऱ्यांच्या, पोलिसांच्या बाजूला इन्स्पेक्टरांच्या. बायकांचा रंग हिरवा, पोलिसांचा गडद.

पटावर दोन गड आहेत. हाउस ऑफ कॉमन्स, म्हणजे संसदेचं लोकसभेसारखं सभागृह, पोलिसांनी राखायचं. आल्बर्ट हॉल हे लंडनमधलं मोठं सभागृह बायकांनी राखायचं, कारण तिथे त्यांच्या मोठ्या सभा व्हायच्या. बायकांनी संसदेत घुसायचं आणि त्याच वेळी पोलिसांना आपल्या सभेत घुसू द्यायचं नाही. पोलिसांचं याच्या उलट. ज्याच्या सहा सोंगट्या आधी दुसऱ्याच्या गडात पोचतील तो जिंकला.

मारलेल्या सोंगट्या पटावरच दोन कोंडवाड्यांत जातात. बाई पकडली गेली तर तुरुंगात, पोलीस मारला गेला तर दवाखान्यात. दोन्हीकडे बरेच जण साठले, की खेळाडू ठरल्या प्रमाणात अदलाबदल करून सोंगट्या परत मिळवू शकतात.

या खेळाची एकच मूळ प्रत आज माहीत आहे. ती ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे.

६. आणि पँको?

पँको म्हणजे ४८ पत्ते. चित्रं काढली होती ई. टी. रीड यांनी. पंच या विनोदी साप्ताहिकाचे ते नावाजलेले व्यंगचित्रकार. प्रकाशक पीटर गर्नी ही कंपनी. पत्त्यांवर दोन्ही पक्षांची मंडळी आहेत, मताधिकाराच्या बाजूची आणि विरोधातली. ‘पँको’ हे नावही अर्थात पँकहर्स्टवरूनच. डिसेंबर १९०९ मध्ये व्होट्स फॉर विमेनने त्याची जाहिरात छापली. जाहिरातीतला सूर असा, की चित्रं जपून ठेवण्यासारखी आहेत आणि खेळताना रंगत येते पण कडवटपणा अजिबात येत नाही.

हा खेळ संघटनेचा नव्हता, बाजाराचा होता. त्यामुळे एक पेच उभा राहतो. तो प्रश्न १० मध्ये सोडवायचा प्रयत्न केला आहे.

७. खेळाला ‘प्रचार’ म्हणणं जरा जास्त होत नाही का? चित्रं छापली म्हणून प्रचार होतो?

चित्रांनी होत नाही. नियमांनी होतो. मला या सगळ्या विषयात रस आहे तो याच एका गोष्टीमुळे.

पँक-अ-स्क्विथमध्ये सगळ्या सोंगट्या सफ्रजेटच्या आहेत. ॲस्क्विथ होऊन खेळायची सोयच नाही. बायकांच्या विरोधात असलेला काका नाताळला घरी आला आणि पुतण्यांबरोबर पटावर बसला, तर त्यालाही सफ्रजेट होऊनच चालावं लागणार. तुरुंग आला की चरफडावं लागणार आणि संसद जवळ आली की खूश व्हावं लागणार. त्याहून मोठी गोम म्हणजे या खेळात बायका हरूच शकत नाहीत. कोणीतरी एक संसदेत पोचतेच, आधी कोण एवढाच प्रश्न उरतो. ‘मत मिळेल की नाही’ हा त्या वर्षीचा देशातला खरा वाद होता. पटाने तो गुपचूप निकालात काढला आणि ‘कधी’ एवढंच शिल्लक ठेवलं. व्यासपीठावरून कोणी असं बोललं असतं तर चार जण उठून प्रश्न विचारते. नियमाला कोणी प्रश्न विचारत नाही.

सफ्रजेटो याच्या नेमकं उलट जातो. तिथे कोणालातरी पोलीस व्हावंच लागतं आणि पोलीस जिंकूही शकतो. मग यात प्रचार कुठे? तो समतोलात आहे. दोघांकडे सारख्याच सोंगट्या, दोघांकडे एकेक गड, दोघांकडे डावपेच. ‘वेड्या बायकांचा घोळका आणि त्याला आवरणारे शिस्तीचे शिपाई’ असं चित्र वर्तमानपत्रं रोज छापत होती. पटावर मात्र ती दोन तोलामोलाची सैन्यं झाली. शिवाय संसदेसमोर, वेस्टमिन्स्टरच्या चौकात पोलिसांची साखळी कशी फोडायची हे खेळता खेळता हाताला कळतं, ते वेगळंच.

८. हे खेळ मुलांसाठी होते का? घेत कोण होतं? आणि पैसा मिळायचा का?

घरासाठी होते. त्या काळच्या मध्यमवर्गीय इंग्रजी घरात संध्याकाळी मोठी माणसंही पट मांडून बसत, त्यामुळे मुलांचा आणि मोठ्यांचा खेळ अशी आजच्यासारखी वाटणी करू नका. कॅट आणला की तो शाखेच्या सभेत, चहाच्या बैठकीत, पाहुण्यांसमोर निघायचा.

विक्रीची व्यवस्था पद्धतशीर होती. संघटनेची विमेन्स प्रेस ही प्रकाशन शाखा पुस्तिका, बिल्ले, फिती, भेटकार्डं असा माल विकत असे. मे १९१० मध्ये लंडनच्या चेरिंग क्रॉस रोडवर १५६ नंबरला तिचं दुकान उघडलं. त्याआधी १९०९च्या मे महिन्यात नाइट्सब्रिजला स्केटिंगच्या मोठ्या सभागृहात १३ ते २६ तारखेपर्यंत प्रदर्शन भरलं होतं. तिथे तुरुंगाच्या कोठडीची प्रतिकृती उभी केली होती, आणि चहा मिळायचा तो सिल्व्हिया पँकहर्स्ट यांनी काढलेल्या तुतारीवाल्या देवदूताच्या चित्राच्या कपबशीत. रंग ठरवले होते एमेलिन पेथिक-लॉरेन्स यांनी. २१ जून १९०८च्या हाइड पार्कच्या प्रचंड सभेत ते पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर दिसले : जांभळा प्रतिष्ठेचा, पांढरा शुद्धतेचा, हिरवा आशेचा. टोपीची फीत, कपबशी आणि खेळाचा पट यांचे रंग एकच ठेवायचे, हे भान आजच्या कितीतरी पक्षांच्या प्रचारखात्यांना नसतं.

पैसा मिळायचा, पण संघटनेच्या तिजोरीत मुख्य भर पडे ती देणग्यांची आणि मोठ्या सभांतल्या वर्गणीची. खेळाचं काम तिजोरी भरण्यापेक्षा घरात शिरणं हे होतं. पेनीचा नियम (प्रश्न ४) तेवढा दोन्ही कामं एकदम करतो.

९. विरोधकांनीही खेळ काढले का?

विरोधकांची संघटना होती. जुलै १९०८ मध्ये स्थापन झालेल्या विमेन्स नॅशनल अँटी-सफ्रज लीगच्या प्रमुख होत्या मिसेस हम्फ्री वॉर्ड, त्या वेळच्या गाजलेल्या कादंबरीकार. पण सफ्रजेट बायकांची टर उडवण्यात विरोधी संघटनेपेक्षा बाजार पुढे होता. ‘सफ्रजेट्स इन अँड आउट ऑफ प्रिझन’ घ्या. हॉलोवे या बायकांच्या तुरुंगातून वाट काढत बाहेर यायचं, एवढाच खेळ. चक्रव्यूह काढणाऱ्याला बायकांच्या मागणीशी देणंघेणं नाही. रोज पेपरात तुरुंगाची बातमी येते, चला, त्यावर चार पैसे करू.

मार्च १९१२ मध्ये अटक चुकवून ख्रिस्टाबेल पॅरिसला निसटल्या. पोलीस शोधत राहिले, बाई सापडेनात. लगेच ‘इल्यूझिव्ह ख्रिस्टाबेल’ नावाची गंमतीची वस्तू बाजारात आली. तिच्यात ख्रिस्टाबेल दिसते आणि गायब होते. आता यात हसू कोणाचं झालं, बाईंचं की पोलिसांचं? विकणाऱ्याला त्याची फिकीर नव्हती.

भेटकार्डांचा प्रकार मात्र सरळसरळ विखारी होता. न्यूयॉर्कच्या डन्स्टन-वाइलर या छापखान्याने १९०९ मध्ये १२ रंगीत कार्डांचा संच काढला. बायकांना मत मिळालं तर नवऱ्याला मूल सांभाळावं लागेल, ही त्यातली भीतीची परमावधी. एका कार्डावर बाळाला घेतलेल्या बापाच्या डोक्यामागे मरियमसारखं तेजोवलय काढलं आहे. त्यातला एखादा बाप आज पाहिला तर बिचारा चांगला बाप वाटतो.

१०. एखादा खेळ चळवळीच्या बाजूचा की विरोधातला हे ओळखायचं कसं? चित्रात बाई कुरूप काढली असेल तर तो विरोधीच ना?

तसं नाही. व्यंगचित्र म्हटलं की सगळेच कुरूप होतात, ॲस्क्विथसुद्धा. आणि चळवळीच्या साप्ताहिकात जाहिरात आली म्हणून खेळ चळवळीचा ठरतो असंही नाही. पँकोची जाहिरात आली, पण तो छापणारा व्यापारी होता आणि खेळात विरोधकांचे पत्ते घेऊनही जिंकता येतं. मग संघटनेने तो जवळ का केला? माझा अंदाज : ज्या घरात व्होट्स फॉर विमेनचा अंक कधीच शिरला नसता, तिथे पंचच्या चित्रकाराचे पत्ते सहज शिरत होते. पत्ता हातात धरून ‘ही कोण? हा का विरोधात?’ एवढं बोलणं निघालं, की अर्धं काम झालं.

मी स्वतः तीन गोष्टी पाहतो. खेळणाऱ्याला कोणाच्या जागी उभं केलं आहे? शिक्षा कोणाला होते आणि ती झाल्यावर राग कोणाचा येतो? आणि डाव संपतो तो कुठे? पँक-अ-स्क्विथ संसदेत संपतो. ‘इन अँड आउट ऑफ प्रिझन’ तुरुंगाच्या फाटकाशी संपतो. दोन्हीकडे सफ्रजेट आहेत, तुरुंग आहे, गंमत आहे. पण एकीकडे तुरुंग हा वाटेवरचा मुक्काम आहे आणि दुसरीकडे तोच सगळा खेळ आहे.

११. हे खेळ १९०९च्या आसपासच का? नंतर का थांबले?

त्या दोन-तीन वर्षांत चळवळ धीट होती पण हलकीफुलकीही होती. फेब्रुवारी १९०९ मध्ये दोन सफ्रजेट स्वतःला ‘माणसांची पत्रं’ म्हणून टपालात घालून पंतप्रधानांच्या दारात पोचल्या. टपालखात्याच्या नियमांत ते बसत होतं. पत्र स्वीकारायला नकार मिळाला, तो भाग वेगळा. अशा खोड्यांचा पट होतो.

मग जुलै १९०९ मध्ये मॅरियन वॉलेस डनलप यांनी तुरुंगात पहिलं उपोषण केलं आणि सप्टेंबरपासून सरकारने उपोषणकर्त्या बायकांच्या घशात नळी घालून जबरदस्तीने अन्न ओतायला सुरुवात केली. १८ नोव्हेंबर १९१० आला (प्रश्न १२). १९१२ पासून मोठ्या प्रमाणावर खिडक्या फोडणं, टपालपेट्या जाळणं, रिकाम्या इमारतींना आगी. १९१३च्या एप्रिलमध्ये आल्बर्ट हॉलने डब्ल्यूएसपीयूला सभागृह द्यायचं बंद केलं, म्हणजे सफ्रजेटोच्या पटावरचा त्यांचा गड खरोखरच गेला. त्याच महिन्यात कायदा झाला : उपोषणाने खंगलेल्या बाईला सोडायचं, ती सावरली की पुन्हा पकडायचं. लोक त्याला ‘मांजर-उंदीर कायदा’ म्हणू लागले. जूनमध्ये एप्समच्या डर्बी या घोड्यांच्या शर्यतीत राजाच्या घोड्याखाली सापडून सफ्रजेट एमिली डेव्हिसन गेल्या. यावर फासे टाकायला कोण बसणार? ऑगस्ट १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि संघटनेने आंदोलनच थांबवलं.

१२. सफ्रजेटोत पोलीस दवाखान्यात जातात. बायका खरंच पोलिसांना मारत होत्या?

थोडंफार, आणि बहुतेकदा हेतुपुरस्सर. पोलिसावर हात टाकला की अटक नक्की, आणि अटक झाली की बातमी नक्की. ऑक्टोबर १९०५ मध्ये मँचेस्टरला ख्रिस्टाबेल पोलिसावर थुंकल्या त्या यासाठीच. जून १९०९ मध्ये संसदेच्या दाराशी एमेलिनबाईंनी इन्स्पेक्टर जार्व्हिस यांना हलकीशी चापट मारली. सोबतच्या वयस्क बायकांची धक्काबुक्की टळावी म्हणून त्यांना लवकर अटक हवी होती. एडिथ गॅरड नावाच्या जेमतेम पाच फूट उंचीच्या बाई सफ्रजेटना जुजुत्सू हा जपानी झुंजप्रकार शिकवत होत्या हेही खरं. पंचने त्यावर १९१० मध्ये व्यंगचित्र छापलं. पुढे पँकहर्स्टबाईंना अटकेपासून वाचवणारं अंगरक्षक पथक तयार झालं, तेही गॅरडबाईंच्याच हाताखाली.

पण दवाखान्यात कोण गेलं असतं, ते वेगळं. १८ नोव्हेंबर १९१०, इतिहासातला ‘ब्लॅक फ्रायडे’. सुमारे ३०० बायका संसदेकडे निघाल्या. सुमारे सहा तास पोलिसांनी त्यांना ढकललं, आपटलं, विनयभंग केला. ११९ जणांना अटक झाली आणि दुसऱ्या दिवशी बहुतेक आरोप मागे घेतले गेले. मोर्चाच्या पहिल्या तुकडीत महाराजा दुलीपसिंगांची मुलगी सोफियाही होती (प्रश्न १५). खेळ या दिवसाच्या आधीचा आहे. नंतर काढला असता, तर दवाखाना कोणत्या बाजूला ठेवला असता, हा प्रश्न पट पाहताना माझ्या डोक्यात दर वेळी येतो.

१३. खेळांमुळे मत मिळालं असं म्हणता येईल का?

नाही, म्हणू नये. ६ फेब्रुवारी १९१८च्या कायद्याने मत मिळालं ते तिशी ओलांडलेल्या आणि मालमत्तेची अट पुरी करणाऱ्या बायकांना. पुरुषांच्या बरोबरीने २१व्या वर्षी मत मिळायला १९२८ उजाडलं. त्यामागे युद्ध होतं, पक्षांची गणितं होती, फॉसेटबाईंच्या सनदशीर संघटनेचं चिवट काम होतं. खेळाने काय केलं ते एवढंच : घाबरवणारी गोष्ट ओळखीची केली.

१४. अमेरिकेत असं काही झालं का? मोनोपॉलीचा संबंध सांगतात तो खरा आहे?

मोनोपॉलीचा संबंध मताधिकाराशी नाही, पण खेळातून मत पटवण्याशी आहे, आणि बाईशीही. एलिझाबेथ मॅगी यांनी ५ जानेवारी १९०४ रोजी ‘द लँडलॉर्ड्स गेम’चं पेटंट मिळवलं. मोनोपॉली पुढे याच खेळातून निघाला. जमीनदार नुसत्या मालकीवर कसा गबर होतो हे खेळणाऱ्याला अनुभवाने कळावं, हा हेतू. अमेरिकन अर्थचिंतक हेन्री जॉर्ज यांच्या ‘जमिनीवर एकच कर’ या विचाराचा तो प्रचार होता. याच बाईंनी १९०६ मध्ये बायकांच्या तुटपुंज्या पगाराचा निषेध म्हणून ‘तरुण अमेरिकन गुलाम स्त्री विकणे आहे’ अशी स्वतःचीच जाहिरात दिली होती. १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्स या खेळांच्या कंपनीने त्यांचं पेटंट ५०० डॉलरला घेतलं. आज जगभर लोक त्याच पटावर जमीनदार होण्यासाठी जिवाचं रान करतात. नियम बदलले, की प्रचारही उलटा फिरतो.

१५. आपल्याशी याचा काही संबंध आहे का?

एका बिल्ल्यापुरता आहे, पण तो बिल्ला लांब पोचला. १९११ मध्ये मुंबईच्या हेराबाई टाटा मुलगी मिठनसह काश्मीरला गेल्या होत्या. तिथे त्यांना सोफिया दुलीपसिंग भेटल्या. त्यांच्या अंगावर हिरव्या-पांढऱ्या-जांभळ्या रंगाचा ‘व्होट्स फॉर विमेन’चा बिल्ला होता. हे काय, असं हेराबाईंनी विचारलं आणि तिथून त्या या कामात पडल्या. चळवळ असा माल का विकत होती (प्रश्न ८), त्याचं याहून नेमकं उदाहरण मला माहीत नाही. १९१९ मध्ये मायलेकी लंडनला जाऊन भारतीय बायकांच्या मताधिकाराची बाजू मांडून आल्या. मिठन पुढे बॅरिस्टर झाल्या आणि मुंबईच्या शेरीफही.

इकडे हत्यारं वेगळी होती. डिसेंबर १९१७ मध्ये सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखालचं शिष्टमंडळ मद्रासला भारतमंत्री माँटेग्यूंना भेटलं. मुंबई इलाख्यात रमाबाई रानडे यांनी मताधिकारासाठी बायकांना संघटित केलं. भारताच्या कारभाराबद्दलच्या १९१९च्या कायद्याने निर्णय प्रांतांवर सोडला. १९२१ मध्ये आधी मद्रास आणि मग मुंबईच्या कायदेमंडळाने बायकांना मत दिलं. मालमत्तेची अट असल्यामुळे प्रत्यक्षात ते थोड्याच बायकांच्या वाट्याला आलं.

१६. मग आपला मोक्षपट? तोही प्रचाराचाच खेळ नाही का?

आहे, आणि चांगला जुना. सद्गुणाच्या शिडीने वर, दुर्गुणाच्या सापाने खाली, शेवटच्या घरात मोक्ष. मराठी परंपरा त्याचं श्रेय ज्ञानेश्वरांना देते. असे पट देशभर निरनिराळ्या नावांनी खेळले जात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हा खेळ इंग्लंडमध्ये सापशिडी होऊन गेला आणि तिथे हळूहळू मोक्ष गळून साप तेवढे राहिले.

पँक-अ-स्क्विथ थेट मोक्षपटावरून घेतला असं मात्र समजू नका. त्याचा गोल गोल आत जाणारा पट युरोपातल्या ‘हंसाचा खेळ’ या जुन्या प्रकाराच्या वळणाचा आहे. सारखेपणा आहे तो युक्तीत : पोचायची जागा आधीच ठरलेली, आणि वाटेतल्या प्रत्येक घराला अर्थ चिकटवलेला. फरक इतकाच, की मोक्षपटात साप चावतो तो तुमच्याच पापामुळे. पँक-अ-स्क्विथमध्ये खाली खेचतं ते सरकार.

१७. हे खेळ कुठे पाहायला मिळतील? घरी किंवा शाळेत खेळता येतील का?

पँक-अ-स्क्विथ मँचेस्टरच्या पीपल्स हिस्टरी म्युझियममध्ये आहे, सफ्रजेटो बोडलियनमध्ये (प्रश्न ५). सफ्रजेट वस्तूंचा मोठा संग्रह लंडन म्युझियमकडे आहे. अस्सल प्रत विकत घ्यायचं मनात आणू नका. नव्याने छापलेल्या प्रतीही जुन्या म्हणून विकल्या जाऊ शकतात, तेव्हा सांभाळून.

शाळेत खेळायचा तर पँक-अ-स्क्विथ सोपा. कार्डशीटवर गोगलगाय काढा, ५० घरं पाडा, बाहेर घर, आत संसद. वाटेतल्या घरांसाठी या पानावरच्या घटना पुरतील : थुंकणं, चापट, टपालातली माणसं, उपोषण. पेनीच्या घरावर पडणाऱ्याने एक रुपया डब्यात टाकायचा. डबा कोणाच्या कामासाठी, हे वर्गाने खेळाआधी ठरवायचं. त्या ठरवण्यातच तास संपतो, असा अनुभव आहे.

सफ्रजेटोला बुद्धिबळाचा पट अपुरा पडतो, कारण ४२ सोंगट्या बसवायच्या असतात. मोठा चौकटीचा कागद घ्या, कॅरमच्या सोंगट्या आणि बटणं घ्या. मोठ्या पाच सोंगट्यांसाठी बाटल्यांची झाकणं. एक डाव झाला की बाजू बदलून दुसरा खेळायचा, ही अट मात्र सोडू नका. पहिल्या डावात सगळ्यांना बायकाच व्हायचं असतं. दुसऱ्या डावात पोलीस झालेली पोरं पाच मिनिटांत ‘दवाखाना भरला, आता काय करायचं?’ असं विचारायला लागतात.